कागदाचा पक्षी की कणकेची चिमणी?

एका रविवारी सकाळी इंदूरच्या सिरपूर तलावावरून परतलो, तेव्हा मुलांच्या तोंडी बगळे आणि पाणकावळे सोडून दुसरा विषय नव्हता. मुलगी सात वर्षांची, मुलगा चार. दुपारी हाताने पक्षी करायचा हट्ट झाला. तेव्हापासून आमच्याकडे दोन्ही प्रकार होतात: घड्या घालून कागदाचा पक्षी आणि गुळाच्या कणकेची तळलेली चिमणी. पिंपळाची सुकी पानं चिकटवूनही एकदा पाहिलं, पण डिंक वाळेपर्यंत चार वर्षांचं पोर बसत नाही.

कागदाचं मला मनापासून कौतुक आहे. एक चौकोनी कागद, ना कात्री ना डिंक, आणि शेपटी ओढली की पंख हलवणारा पक्षी तयार. पसारा नाही. पण सुरुवातीच्या सोप्या घड्या संपल्या की एक पाकळी वर उचलून दोन्ही कडा आत दाबायची घडी येते. तिथे मुलीची बोटं थांबायची. "बाबा, तूच कर ना." मी करायचो, कारण कागद चुरगळायला लागलेला असायचा. असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी पक्षी सुरेख जमला. ती तो आजीला दाखवायला घेऊन गेली आणि म्हणाली, "हा बाबाने केला." त्यात तक्रार नव्हती, खरं तेच तिने सांगितलं. मला मात्र ते फार लागलं. दुपारभर ती माझ्या हातांकडे बघत बसली होती.

कणकेत ही अडचण येत नाही. आमच्या घरी प्रमाण असं: दोन वाट्या कणीक, अर्धी वाटी गूळ थोड्या कोमट पाण्यात विरघळवून आणि गाळून, दोन चमचे कडकडीत तुपाचं मोहन. गुळाचं पाणी लागेल तसंच घालायचं. शंकरपाळ्यांसारखं घट्ट मळा. सैल झालं तर चोच तेलात विरते. गोळा चपटा ठेवा, नाहीतर पोट आतून कच्चं राहतं. डोळ्याला काळा तीळ, पंखांवर काट्या-चमच्याच्या रेघा. मुलाची चिमणी बटाट्यासारखी दिसते, पण ती त्याची असते. हात चालू असताना आजी चिऊ-काऊची गोष्ट सांगते, मेणाच्या घरापाशी मुलगा हमखास थांबतो आणि मग पुन्हा चोच काढायला घेतो.

कणकेची उणीवही आहेच. तळण मोठ्यांनीच करायचं, मुलांना कढईपासून लांब बसवावं लागतं. आच मंदच हवी, गूळ पटकन काळा पडतो. शिवाय लांब शेपटीचा पक्षी कणकेत जमत नाही. आपल्या मध्य प्रदेशाचा राज्यपक्षी दूधराज करायचा असेल, तर नराची ती पांढरी फितीसारखी शेपूट कागदातूनच कापावी. सारसाचे पायही तसेच. कणकेत ते उचलतानाच तुटतात.

मूल नऊ-दहा वर्षांचं असेल, शांत बसणारं असेल, तर कदाचित तुमचा कौल कागदाला जाईल, आणि तो चुकीचाही नसेल. त्याहून लहान असेल तर मी परातच काढेन. 20 मार्चला जागतिक चिमणी दिन असतो, तेव्हा शाळेसाठी काहीतरी न्यायचं म्हणून आदल्या संध्याकाळी धावपळ होते. त्या दिवशी कणीक दुपारीच मळून झाकून ठेवा, आणि दोन-तीन चिमण्या जास्तीच्या करा. डब्यात भरायच्या आधीच काही संपतात.