नागपूरच्या धंतोलीतलं हॉस्पिटल: सर्जनला पाच तारे, काउंटरला दोन

उजव्या गुडघ्याचं रिप्लेसमेंट इथे करून घेतलं. आधी दुसरीकडे ‘मॅडम, वयानुसार झीज आहे’ एवढंच ऐकलं होतं. इथल्या सर्जनने एक्स-रेनंतर माझ्या डोळ्यांतले तपकिरी ठिपके पाहिले, कानावरची निळसर झाक पाहिली आणि विचारलं, "लघवी तशीच राहिली तर काळी पडते का?" आई नेहमी सांगायची, तुझे लंगोट साबणात टाकले की काळे व्हायचे. ते सांगितलं, लगेच लघवीची तपासणी लिहिली.

निघाला अल्कॅप्टोन्युरिया. होमोजेंटिसिक आम्लाचं विघटन करणारं एन्झाइम जन्मापासून काम करत नाही. ते आम्ल वर्षानुवर्षं कूर्चेत (सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेल्या गुळगुळीत थरात) साठतं, कूर्चा काळी नि ठिसूळ होते. आईबाप दोघांकडून सदोष जनुक आलं तरच हा आजार होतो, म्हणून माझ्या भावालाही तपासणीला बोलावलं.

भूलतज्ज्ञही नीट बोलल्या. माझे मणके आखडलेले, चकत्यांत कॅल्शियम साचलेलं, तेव्हा कमरेतून सुई जाईलच असं नाही. पूर्ण भुलीची तयारी ठेवली. या आजारात हृदयाच्या झडपेलाही त्रास होऊ शकतो, म्हणून इको (हृदयाची सोनोग्राफी) आधीच करून घेतला.

ऑपरेशननंतर काढलेल्या हाडाचा फोटो दाखवला. हाड पांढरं आणि वर कूर्चेचा थर डांबरासारखा! धातू-प्लास्टिकचा सांधा असा काळा पडत नाही, पण बाकीच्या सांध्यांचं दुखणं सुरूच राहणार, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. निटिसिनोन या औषधाने आम्ल कमी होतं, युरोपात त्याला या आजारासाठी २०२० मध्ये मान्यता मिळाली. गेलेली कूर्चा मात्र परत येत नाही.

फिजिओथेरपीची पोरगी भारी. "काकू, रडा, पण वाकवा!" असं म्हणत रोज गुडघा वाकवून घ्यायची.

आता काउंटर. गुडघ्याच्या इम्प्लांटला २०१७ पासून सरकारी दरमर्यादा आहे, स्टिकर फाइलला लागतात, तिथे गडबड नव्हती. पण ‘कन्झ्युमेबल्स’च्या (एकदा वापरून टाकायच्या वस्तूंच्या) नावाखाली भलताच आकडा. मुलाने तपशील मागितला, तर ‘डिस्चार्जच्या वेळी देऊ’. डिस्चार्ज झाला, कागद काही आला नाही. भरती व्हायच्या आधीच अंदाजपत्रक लेखी घ्या बाप्पा.

आणि गाडी नेऊ नका, धंतोलीत पार्किंग मिळत नाही. ऑटो थेट रॅम्पपर्यंत जातो.