फुकटची गॅलरी की तिकिटाचा हॉल?

आई-बाबा भारतातून आलेत आणि पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रा एकदा समोर बसून ऐकायचाय. वॉशिंग्टनच्या आसपास राहणाऱ्यांना दोन जागा सुचतात: नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमधल्या मोफत मैफली किंवा बेथेस्डाजवळचा स्ट्रॅथमोर हॉल.

गॅलरीत चित्रं बघायलाही पैसे नाहीत आणि गाणं ऐकायलाही नाहीत. ही प्रथा १९४२ पासूनची. कार्यक्रम बऱ्याचदा प्रदर्शनाशी किंवा संग्रहाशी जोडलेला असतो आणि खरी गंमत तिथेच आहे. समजा, इटालियन संगीतकार रेस्पिगीची, चित्रकार बोत्तिचेल्लीच्या तीन चित्रांवरची रचना (१९२७) ठेवलीय. तिच्या मधल्या भागात बाळ येशूच्या दर्शनाला पूर्वेकडचे ज्ञानी येतात. रेस्पिगीसमोर फ्लॉरेन्समधलं चित्र होतं, पण बोत्तिचेल्लीनेच त्याच प्रसंगावर काढलेलं दुसरं चित्र या गॅलरीच्या संग्रहात आहे. ते आधीच बघून या. गॅलरी पाचला बंद होते, मैफलीनंतर धावपळ होईल.

मात्र या मैफली जिथे होतात, ते गॅलरीतलं वेस्ट गार्डन कोर्ट संगीतासाठी बांधलेलं नाही. भोवती दगडी खांब, वर काचेचं छत, त्यामुळे आवाज घुमतो. चार-पाच वाद्यं किंवा छोटा वाद्यवृंद तिथे छान खुलतो. मोठ्या ऑर्केस्ट्राचं तसं नाही. रशियन संगीतकार मुसोर्गस्कीने आपला मित्र हार्टमन याच्या चित्रांवरून पियानोसाठी रचलेलं 'पिक्चर्स अॅट अॅन एक्झिबिशन' फ्रेंच संगीतकार रॅव्हेलने १९२२ मध्ये ऑर्केस्ट्रासाठी बसवलं. त्यातलं लिमोज या फ्रेंच शहराच्या बाजारातलं बायकांचं भरधाव भांडण अशा चौकात नुसतं कालवलं जाईल. दुरून येऊन पुढे निघून जाणारी, ट्युबा या खर्जातल्या पितळी वाद्यावर वाजणारी बैलगाडी तर शांत हॉलमध्येच ऐकावी. शिवाय ज्यांवरून हे सगळं सुचलं, ती हार्टमनची बरीचशी चित्रं आज सापडतच नाहीत. म्हणजे इथे चित्रं जवळ असण्याचा फायदाही नाही.

अशा रचनेसाठी स्ट्रॅथमोर. २००५ साली सुरू झालेला, सुमारे दोन हजार खुर्च्यांचा हा हॉल बाल्टिमोर सिम्फनी या ऑर्केस्ट्राचं दुसरं घर आहे. मेट्रोची रेड लाइन जवळ, स्टेशनच्या पार्किंगमधून थेट पादचारी पूल. चौघांची तिकिटं काढताना खिसा हलका होतो, एवढंच.

पहिलीच वेळ असेल तर मी गॅलरीच म्हणेन. कंटाळा आलाच तर निदान चित्रं तरी पाहून होतात. फक्त तिथे दर वेळी ऑर्केस्ट्रा नसतो, कधी एकटा पियानो असतो. कार्यक्रम आणि नोंदणी आधी तपासा. गुडघे दुखत असतील तर नॅशनल मॉलच्या हिरवळीकडच्या मोठ्या पायऱ्या टाळून कॉन्स्टिट्यूशन अॅव्हेन्यू आणि सहाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या दाराने आत जा.