टिअरड्रॉप कॅम्परच्या मागच्या झाकणाला स्टीलची पियानो हिंज, इंदुरात घेतलेली

घरी टिअरड्रॉप कॅम्पर, म्हणजे गाडीमागे ओढायची थेंबाच्या आकाराची छोटी झोपायची ट्रेलर, बनवत असाल तर मागच्या किचनच्या झाकणाला दाराच्या दोन-तीन साध्या बिजागऱ्या लावू नका प्लीज, पाच फुटी झाकणाचं वजन तेवढ्याच जागी येतं, मधे प्लाय वाकतं आणि फट पडते. आम्ही इंदूरच्या सियागंज बाजारातून ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसची पियानो हिंज घेतली, म्हणजे पूर्ण लांबीची एकच सलग बिजागरी, सहा फुटी पट्टी, हवी तेवढी कापायची. घेताना पूर्ण उघडून मिटून बघा, पिन वाकडी असली की मधेच अडकते. आणि चुंबक लावून ग्रेड ठरवू नका, २०२ हा हलका ग्रेड पण चिकटत नाही, त्यापेक्षा बिलावरच ३०४ लिहून घ्या.

मजबुती एक नंबर! पण पाणी ती अडवत नाही, पिनेभोवतीच्या गाठींमधून सरळ आत येतं, आणि इंदूरचा जुलै म्हणजे विचारूच नका, तेव्हा वरून ईपीडीएम रबराची पट्टी हवीच, छताच्या बाजूने पक्की आणि झाकणावर मोकळी सोडलेली, हिंजखाली ब्यूटाइल टेप (पाणी अडवणारी चिकट पट्टी). तिकडे अमेरिकेत हरिकेन हिंज वापरतात, अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पट्ट्या बाजूने एकमेकींत सरकवायच्या, सांधा झाकलेलाच, पाणी वरून ओघळून जातं. ती नक्कीच सरस, मिळाली तर तीच घ्या, मला सियागंजात नाही मिळाली.

स्क्रू नुसत्या प्लायमधे नको, खाली सागाची पट्टी द्या, कारण गॅस स्ट्रट (झाकण उचलून धरणारे गॅसचे दांडे) झाकण बंद असतानाही हिंजवर जोर देत राहतात.