रोपं लावायची की रान राखायचं?

येत्या पावसाळ्यासाठी मंडळाचे, कंपनीचे किंवा घरचे चार पैसे झाडांसाठी बाजूला काढले असतील, तर समोर साधारण दोन रस्ते असतात. एक लागवडीचा: रोपं आणायची, खड्डे घ्यायचे, लावायची. दुसरा राखणीचा: आहे त्या माळाला किंवा टेकडीला चराई, कुऱ्हाड आणि वणव्यापासून सांभाळायचं आणि जे आपसूक येतंय ते येऊ द्यायचं. पुरंदरकडच्या मुरमाड टेकड्यांवर मी दोन्ही केलंय. तापमानवाढ खरी आहे, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तिचं नाव घेऊन जे आकडे उभे केले जातात त्यांच्याबद्दल मात्र आहे, आणि त्या आकड्यांत लागवड सगळ्यात पुढे असते.

आधी लागवडीचं चांगलं सांगतो. माणसं जमतात. एरवी टेकडीकडे न फिरकणारी शाळेची मुलं आणि निवृत्त मंडळी त्या दिवशी चिखलात हात घालतात, त्यातली काही नंतर येत राहतात. रोप, खड्डा, खत, मजुरी असा खर्चाचा हिशेबही सरळ असतो. देणगीदाराला काय केलं ते लगेच दाखवता येतं.

पण मोजायला सोपं म्हणूनच सगळी धोरणं तिकडे झुकली, असं मला वाटतं. आपल्या राज्यात १ जुलै २०१६ ला २ कोटी रोपांपासून सुरुवात झाली. पुढच्या वर्षी ४, मग १३, आणि २०१९ साठी ३३ कोटींचं उद्दिष्ट. २०२१ मध्ये या लागवडीच्या चौकशीसाठी विधिमंडळाची समिती नेमावी लागली. कोणत्या पक्षाचं बरोबर होतं यात मला पडायचं नाही. उद्दिष्ट रोपं लावण्याचं होतं, तिसऱ्या उन्हाळ्यानंतर उभ्या असलेल्या झाडांचं नव्हतं, हे मला खुपतं. देशाचंही तेच. २०३० पर्यंत जंगल आणि झाडांतून २५० ते ३०० कोटी टन जादा कार्बन डायऑक्साइड शोषून घेऊ, असं आपण २०१५ मध्ये जगाला सांगितलं. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत एक हेक्टरवर झाडांच्या फांद्या-पानांचं दहा टक्के छत्र असलं की ते वनाच्छादन, मग ती आमराई असो की निलगिरीची रांग. गवताचा माळ मात्र सरकारी नकाशात ‘पडीक’. सोलापूरजवळच्या नान्नजचा माळढोक, बारामतीकडच्या सुप्याची चिंकारा आणि माळावरचा लांडगा याच ‘पडीक’ जमिनीवर जगत आलेत. शिवाय गवत आपला बराचसा कार्बन मुळांत आणि मातीत ठेवतं, त्यामुळे वर आग लागली तरी तो साठा बराचसा वाचतो.

तरीही एवढ्यावरून मी लागवड सोडली नसती. माझा निर्णय झाला तो खड्ड्यामुळे.

झाडं लावल्याबद्दल गुण देणाऱ्या केंद्र सरकारच्या ‘हरित क्रेडिट’ योजनेची पहिली पद्धत २०२४ मध्ये निघाली, तिच्यात हेक्टरी किमान ११०० झाडांची अट होती. म्हणजे जवळपास तीन बाय तीन मीटरवर एक झाड. आमच्याकडे आखणी त्याच मापाने होत आलीय. मे महिन्यात दोरी धरून फक्की टाकतात आणि फक्की पडेल तिथे खणतात. त्या खुणेखाली आधीच काय आहे हे कोणी बघत नाही. वरून दिसतंही काय? बोटभर वाळकी काडी, वर्षानुवर्षं चरून आणि जळून खुरटलेली. पण ती खणली की खाली मनगटाएवढं मूळ निघतं. मेडशिंगीचं, पळसाचं, बोरीचं. मुरमाखालच्या कातळात भेग शोधत ते मूळ कधीचंच खोल गेलेलं असतं. ते उपटून बाजूला टाकायचं, त्या जागी पिशवीत मुळं गोल गोल फिरलेलं गिरिपुष्पाचं नाहीतर काशीदचं रोप लावायचं, आणि फेब्रुवारी-मार्चपासून त्याला जगवायला कॅन भरून पाणी वर न्यायचं. एका ठेकेदाराच्या माणसाशी मी यावर बोललो. तो म्हणाला, “साहेब, बिल खड्ड्याचं निघतं. ठेवलेल्या काडीचं कोण देणार?” त्याच्या जागी तो बरोबरच होता, आणि म्हणूनच मला ते जास्त लागलं.

राखणीत ही काडीच तुमचं भांडवल असते. पहिल्या पावसाळ्यात कुसळी आणि पवन्या गुडघ्यापर्यंत येतात, मोज्यात कुसळं घुसून पाय सोलवटतात. झाड म्हणावं असं काहीच दिसत नाही. दुसऱ्या वर्षी गवतातून फुटवे डोकं काढतात. पाणी घालावं लागत नाही, कारण मूळ आधीच खाली पोचलेलं असतं. खर्च दोनच: गावातल्याच राखणदाराचा पगार आणि जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायला गवत काढून मोकळी ठेवलेली पट्टी.

राखणीचं खरं दुखणं मात्र माणसांशी आहे. टेकडी बंद केली की आधी भरडला जातो मेंढपाळ आणि दोन शेळ्यांवर घर चालवणारी बाई. त्यांना न विचारता केलेली चराईबंदी एका काडेपेटीने मोडते. नगरकडच्या हिवरे बाजार गावाने चराईबंदी केली, पण गवत कापून न्यायला वाट ठेवली. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, तोही आधी गावात एकमत घडवून. तेवढं बसून बोलायची तयारी नसेल, तर राखणीत पडू नये असं मी प्रामाणिकपणे सांगेन.

लागवड कुठे योग्य? खाणीची भर, रस्त्याकडेची जागा, शहरातला मोकळा प्लॉट, शेताचा बांध. जिथे मातीत जुनं मूळ उरलेलंच नाही, तिथे लावण्याला पर्याय नाही. कदाचित जास्त पावसाच्या भागात माझा अनुभव तंतोतंत लागू होणारही नाही. पण जागा मुरमाड टेकडी किंवा माळ असेल, तर माझे पैसे मी राखणदारालाच देईन.

लागवडच ठरली असेल तर करारात दोन गोष्टी घालून घ्या: जिवंत मूळ दिसलं की खड्डा सरकवायचा, आणि शेवटचा हप्ता तिसऱ्या उन्हाळ्यानंतर, उभी झाडं मोजून. राखण ठरली तर ग्रामसभेशी बोलणं पावसाआधी सुरू करा, जाळरेषा दिवाळीनंतर गवत पुरतं वाळायच्या आत काढा, आणि पहिली दोन वर्षं दाखवण्यासारखा फोटो मिळणार नाही हे देणगीदाराला पैसे घेण्याआधीच सांगा.