उंची बदलता येणारी ॲल्युमिनियमची काठी: वापरानंतरचे मत

आईच्या दुखऱ्या गुडघ्यासाठी घेतलेली ही काठी वजनाला हलकी असून तिची उंची बटण दाबून टप्प्याटप्प्याने बदलता येते. पायात नेहमीची पादत्राणे घालून ताठ उभे राहिल्यावर मूठ मनगटाच्या घडीशी आली आणि कोपर 15 ते 20 अंशांत वाकले, की उंची जमली असे समजावे. बटण छिद्रातून पूर्ण बाहेर आले आहे का, हे मात्र दर वेळी बोटाने चाचपावे आणि त्याखालची कडीही घट्ट आवळावी, कारण ती सैल राहिली तर काठी खुळखुळते. सोबतच्या पत्रकात काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी, एवढेच सांगितले आहे. जिना चढताना आधी बरा पाय, उतरताना आधी काठी आणि मग दुखरा पाय, ही खरी कामाची माहिती त्यात नाही. सपाट जागी आधार देणाऱ्याने दुखऱ्या बाजूला, किंचित मागे राहावे आणि काठीचा हात धरून ओढू नये (घाईत आपण नेमके तेच करतो), हेही छापायला हवे होते. मूठ रुंद आणि चांगली आहे. तळाचे रबर मात्र लवकर गुळगुळीत होते आणि ओल्या फरशीवर घसरते, म्हणून जादा रबर काठीबरोबरच घ्यावे.