सी राचातलं नवं सुपरमार्केट: सोंग्क्रानपासून 'किन जे'पर्यंतचा अनुभव

सोंग्क्रानच्या, म्हणजे एप्रिलमधल्या थाई नववर्षाच्या, सुट्ट्या संपता संपता हे दुकान उघडलं. आता 'किन जे'चा शाकाहारी सणही होऊन गेलाय, म्हणजे ड्युरियनचा हंगाम, पावसाळा, आपला गणपती असं सगळं त्यात पाहून झालं. उद्घाटनाच्या आठवड्यात इथल्या परदेशी लोकांच्या प्रत्येक ग्रुपवर नुसता जल्लोष चालला होता. तेव्हा कुणी विचारलं असतं तर सगळ्यांनी पाच तारे दिले असते. आज मी साडेतीन देईन. पण हे साडेतीन तारे दुकानाने ज्याचा गाजावाजा केला त्यासाठी नाहीत, भलत्याच गोष्टींसाठी आहेत.

सी राचा म्हणजे बँकॉकहून येताना पट्टायाच्या थोडं अलीकडचं, थायलंडच्या चोनबुरी प्रांतातलं समुद्राकाठचं गाव. लाल तिखट सॉसमुळे नाव जगभर झालं, पण गाव चालतं ते लेम चबांग बंदरावर आणि आजूबाजूच्या कारखान्यांवर. जपानी इतके आहेत की हॉटेलांच्या पाट्यासुद्धा जपानीत. आपण मूठभर. त्यामुळे नवं दुकान आलं की जो तो आपापली यादी घेऊन धावतो. जपान्यांची स्वतःची दुकानं आधीपासून आहेत, म्हणून ते निवांत होते. निवृत्त होऊन इथे स्थायिक झालेले युरोपियन चीज आणि चांगल्या पावासाठी आले. आणि आम्ही अर्थातच तूरडाळ, कणीक, बेसन.

पहिल्या महिन्यात हे सगळं होतं! डाळी, पापड, दोन-तीन लोणची, चक्क कणकेची मोठी पिशवी. जुलैपर्यंत रॅक निम्मं झालं. संपलेली कणीक परत आली नाही, तिच्या जागी कोरियन नूडल्स आल्या. आता एका कोपऱ्यात मसुरीची डाळ आणि करी पावडर उरलीय. खालच्या मजल्यावरचे जर्मन आजोबा लिफ्टमध्ये भेटले की चीजचं हेच रडगाणं गातात. त्यांना आवडणारं चीज गेलं आणि काप केलेलं पिवळं चीज तेवढं राहिलं. मला यात दुकानाचा दोष फारसा दिसत नाही. दुकान खपणाऱ्या मालाला जागा देणार, आणि मूठभर परदेशी लोकांच्या महिन्यातून एकदा नेलेल्या कणकेवर भाडं निघत नाही. उद्घाटनाला मांडलेला परदेशी माल ही सजावट असते. तुम्ही नव्याने येत असाल तर डाळ-कणीक बँकॉकच्या फाहुरात या भारतीय बाजारातून किंवा पट्टायाच्या भारतीय वाणसामानाच्या दुकानांतून एकदम भरून आणा.

मग साडेतीन तारे कशाला? पहिला मासळीसाठी. मी वेंगुर्ल्याचा, बायको संगमनेरची आणि शुद्ध शाकाहारी, त्यामुळे या काउंटरवर मी एकटाच रेंगाळतो. इथला 'प्ला थू' म्हणजे आपल्या बांगड्याचा सख्खा भाऊ, थोडा बुटका आणि पोटाला रुंद. बाजारात तो बहुतेक वेळा वाफवलेलाच मिळतो: बांबूच्या छोट्या गोल टोपलीत दोन-तीन मासे, टोपलीत मावावेत म्हणून माना मोडून वाकवलेले. थाई लोक तो तळून मिरचीच्या चटणीबरोबर खातात आणि झकास लागतो. पण तिखल्याला, म्हणजे आमच्याकडच्या माशाच्या झणझणीत कालवणाला, कच्चा हवा, आणि कच्चा प्ला थू बर्फावर रोज सकाळी मांडणारं आमच्या बाजूला हे पहिलं दुकान. डोळे पाहून निवडू देतात, साफ करून देतात, त्याचे पैसे घेत नाहीत. सुरमई असते, पापलेट कधीमधी आणि महाग. कोळंबी बारमाही, पण ती शेततळ्यातली. चव ठीक, समुद्राच्या कोळंबीशी तुलना करू नका. दुपारी तीननंतर मात्र काउंटरवर जाऊ नये. बर्फ वितळलेला असतो आणि सकाळचा उरलेला माल तसाच पडलेला असतो.

दुसरा तारा तांदळाचा. होम माली पाच किलोची पिशवी दोनशे बाटच्या आगेमागे पडते, ऑफर असली की खाली येते. (एक बाट म्हणजे अडीच रुपयांच्या वर.) बासमतीचा हट्ट सोडला तर आंबेमोहोरवाल्या घरांना हा तांदूळ लगेच मानवतो. मऊ, सुवासिक, वरणाखाली छान बसतो. फक्त पिशवी नव्या तांदळाची आहे की जुन्या ते दुकानातल्या माणसाला विचारून घ्या. नव्या तांदळाला पाणी कमी लागतं, नेहमीच्या मापाने घातलं तर गुरगुट्या भात होतो. रुचकर होतो, पण पाहुणे असतील तर पंचाईत.

तिसरा तारा शाकाहाराचा. ते प्रकरण जरा नीट सांगतो, कारण नव्याने येणारे सगळे हेच विचारतात. पिवळ्या पट्ट्यावर लाल रंगात 'เจ' असं अक्षर दिसलं की डोळे मिटून उचला. ते 'जे'. त्यात मांस, मासे, अंडी, दूध नाहीच, शिवाय कांदा-लसूणही नाही. चातुर्मास पाळणाऱ्या आमच्या एका मारवाडी मित्राला एवढी सोय पुण्यातसुद्धा नव्हती म्हणे. सणाच्या नऊ दिवसांत दुकानाने अख्खी एक रांग पिवळी करून टाकली होती: सोयाचे गोळे, मश्रूमचे समोसे, बिनमासळीचा सॉस. सण संपला तशी रांग आवरली, पण सोयाचे पदार्थ आणि तोफूचे चार प्रकार कायम झाले. तोफू इथे पनीरपेक्षा कितीतरी स्वस्त आहे, आणि बायकोने आता पालकात तोच घालायला सुरुवात केलीय. हा अक्षराचा शिक्का नसेल तर चिप्सच्या पाकिटातही कोळंबीची पूड निघू शकते, हे लक्षात असू द्या.

दह्याचं मात्र जमलं नाही. 'नॅचरल' म्हणून विकलं जाणारं दहीसुद्धा बऱ्याचदा साखर घातलेलं असतं. मागच्या तक्त्यावर साखरेचा आकडा पाहूनच घ्या, नाहीतर कढी गोड होते. आम्ही एकदा बिनसाखरेचं शोधून काढलं आणि त्याचंच विरजण घरी चालू ठेवलंय.

तारखांचाही एक खाक्या आहे. बऱ्याच पाकिटांवर बुद्ध संवतात साल छापतात, म्हणजे आपल्या सालात 543 मिळवायचे. 2026 म्हणजे 2569, आणि तेही कधीकधी नुसतं 69. आई इथे आली होती तेव्हा दुधाची बाटली हातात घेऊन 'हे 69 साली संपणार?' म्हणून हसली होती. आषाढी पौर्णिमेला, म्हणजे थाई लोकांच्या आसान्हा बुचा या बौद्ध सणाला, दारूच्या फ्रिजवर पडदा ओढलेला दिसेल. दुकान उघडं असतं, तेवढा माल विकत नाहीत.

गणपतीच्या दिवसांत हे दुकान निम्मंच कामाला आलं. तांदळाचं पीठ उत्तम. तीन डोक्यांच्या हत्तीचं चित्र असलेल्या पिशव्या घ्या: लाल अक्षरांची साधी, हिरव्या अक्षरांची चिकट. साध्या पिठात चमचाभर चिकट मिसळलं की मोदकाच्या कळ्या फाटत नाहीत. गुळाऐवजी ताडाची साखर घेतली, रंग आणि वास दोन्ही छान आले. नारळ मात्र इथे घेऊ नका. पाकिटातला किस कोरडा आणि महाग. सकाळच्या बाजारात बाई तुमच्या समोर यंत्रावर नारळ किसून देते आणि तो अजून ओला, कोमट असतो. झेंडूच्या माळाही तिथेच. थाई लोक गणपतीला 'फ्रा फिकनेत' म्हणून पुजतात, त्यामुळे माळा कशाला हव्यात हे कुणी विचारत नाही.

भाजीचंही तसंच. कडीपत्ता नाही, मेथी नाही. कोथिंबीर मुळांसकट मिळते, ती मुळं फेकू नका, वाटणात घाला. शेवग्याच्या शेंगा आणि दोडकी इथे सेलोफेनमध्ये गुंडाळून दुप्पट भावाने. 1 जानेवारी 2020 पासून मोठ्या दुकानांनी प्लास्टिकच्या पिशव्या देणं थांबवलंय, म्हणून घरून पिशवी आणायची, आणि तिच्यात भरायचं काय, तर थर्माकोलच्या ताटलीत प्लास्टिकने आवळलेली तीन वांगी!

खरी तक्रार किमतीच्या पाटीची. मोठ्या पिवळ्या आकड्यातली किंमत मेंबरला लागू असते, इतरांची बारीक अक्षरात कोपऱ्यात, आणि तीही थाईत. बिलात फरक आला की काउंटरवर वाद घालून उपयोग नाही, कारण त्यांच्या दृष्टीने पाटीवर सगळं लिहिलेलंच असतं. मेंबरशिप फुकट आहे. थाई मोबाईल नंबर लागतो. पहिल्याच दिवशी करून घ्या आणि रांगेत नंबर सांगता येईल इतके थाई आकडे शिका. पैसे क्यूआरने देता येतात, पण त्यासाठी सहसा इथल्या बँकेचं खातं लागतं. ते होईपर्यंत रोख ठेवा.

संध्याकाळी शिजवलेल्या पदार्थांवर सवलतीचे स्टिकर लागायला सुरुवात होते. स्टिकरवाली मुलगी ट्रॉली घेऊन निघाली की तिच्या मागे शाळेचे गणवेश, कारखान्याचे गणवेश आणि आमच्यासारखे दोन-चार परदेशी अशी छोटी मिरवणूकच चालते. भाजलेली कोंबडी आणि चिकट भात तेव्हा घ्यावा. सुशी घेऊ नये.

शनिवार-रविवारी पार्किंगचा सत्यानाश असतो. स्कूटरसाठी मागच्या बाजूला, मालाच्या ट्रकांच्या दाराजवळ, सावलीतली जागा आहे. तिथल्या सुरक्षारक्षक काकांना एकदा हात जोडून 'सवातदी ख्रप' म्हटलंत की पुढच्या वेळी हेल्मेटवर लक्षही ठेवतात.