रेनबो नदीतला डाइव्ह: बुकिंगआधी 'वर कोण असणार?' एवढं विचारा

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात, टँपा शहराहून गाडीने दीड तासावर डनेलन नावाचं छोटं गाव आहे. रेनबो नदी तिथे विथलाकूची नदीला मिळते. यंदा मी या नदीत तीनदा डाइव्ह केला, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली गेले. पहिल्या आणि तिसऱ्या वेळी डाइव्हला नेणाऱ्या एकाच दुकानाच्या बोटीवरून गेले, मधल्या वेळी दुसऱ्याच्या. नावं दोघांचीही लिहीत नाही. पहिल्याकडे मी पुन्हा जाणार आहे, दुसऱ्याकडे कोणी फुकट नेलं तरी जाणार नाही. नदी तीच, कासवं तीच, टाकीतली हवाही तितकीच. फरक होता तो बोटीत बसलेल्या माणसाचा, आणि हे परीक्षण मी मुख्यतः त्याबद्दलच लिहिते आहे.

आधी माझ्याबद्दल थोडं सांगते, म्हणजे मी या एका गोष्टीवर का अडून बसते ते कळेल. मी मालवण तालुक्यातल्या देवबागची. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, मध्ये आमचं गाव. काका तरुणपणी वाळूच्या होडीवर डुबीचं काम करायचे. हातात बादली घेऊन बुडी मारायची, तळाची वाळू भरायची आणि वर यायचं. ना टाकी, ना मास्क. होडीवर एक माणूस फक्त लक्ष ठेवायला असायचा. लाँच येताना दिसली की तो बांबू आडवा धरून ओरडायचा. एकदा तो माणूस जेवायला बसला असताना काका वर आले, आणि एका मशीनच्या होडीचा पंखा त्यांच्या खांद्याला चाटून गेला. तो व्रण अजून आहे. लहानपणी मला वाटायचं, सगळ्याच काकांच्या खांद्यावर अशी रेघ असते. पुढे तारकर्लीला एमटीडीसीच्या केंद्रात मी स्कूबा शिकले, तेव्हा काकांनी एकच गोष्ट बजावली होती: बाय, खाली काय आसा ता मागीर बघ, वर कोण आसा ता आधी बघ.

आता नदी. जमिनीखालच्या चुनखडीतून झऱ्यांचं पाणी वर येतं आणि तीच नदी होऊन साधारण नऊ किलोमीटर वाहते. पाणी बारा महिने २२-२३ अंशांचं. थंडीत ते उबदार वाटतं, मे महिन्यात अंगावर काटा आणतं. दुकानाचा पाच मिलिमीटर जाडीचा रबरी सूट घ्या, पातळ सुटावर तासभर काढणं कठीण जातं. पाणी इतकं नितळ की तळातल्या पांढऱ्या रेतीतून झरे उकळी फुटल्यासारखे वर येताना दिसतात आणि रेतीचे कण जागच्या जागी नाचत राहतात. प्रवाहाच्या दिशेने लवलेलं लांब पानांचं गवत, त्यात 'गार' आणि 'ब्लूगिल' जातीचे मासे, कासवं. मला एकदा पाणमांजरही दिसलं. खोली बहुतेक ठिकाणी दोन ते सहा मीटर. पाय मारावे लागत नाहीत, पाणीच घेऊन जातं. पूर्वी इथे खासगी पर्यटनस्थळ होतं. पाण्याच्या पातळीखाली बसून काचेतून नदी बघता येईल अशा बोटी तिथे चालायच्या. १९७४ मध्ये ते बंद पडलं. आता उगमाच्या भागात राज्य सरकारचं उद्यान आहे. तिथल्या पोहण्याच्या जागेत बोटींना मज्जाव आहे, दोरी आणि बोयांनी (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांनी) ती जागा वेगळी केलेली आहे. डाइव्ह त्या हद्दीच्या खाली सुरू होतो.

उथळ पाणी म्हणजे सुरक्षित, असं नवीन लोकांना वाटतं. मला उलट वाटतं. वीस मीटर खाली असलेल्या माणसाच्या डोक्यावरून बोट गेली तर त्याला फक्त आवाज येतो. तीन मीटरवर असलेला माणूस एक श्वास जास्त घेतला तरी वर तरंगू लागतो. आणि हे सगळं नदीत, जिथे बोटींना दुसरी वाट नसते. आवाजावरून सावध व्हावं म्हटलं तर पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने पोचतो. त्यामुळे तो डावीकडून येतो की उजवीकडून, हे कानांना उमगत नाही. डोकं भरून नुसती गुणगुण ऐकू येते. शहाणं पाऊल एकच, तळाला धरून राहायचं.

म्हणून फ्लोरिडाच्या कायद्यात डायव्हरच्या झेंड्याला वजन आहे. लाल कापड, त्यावर पांढरा तिरका पट्टा. पाण्यात तरंगत्या बोयावरचा झेंडा किमान १२ बाय १२ इंच, बोटीवरचा २० बाय २४ इंच. नदीत किंवा बोटींच्या वाटेवर असा झेंडा दिसला की चालकाने १०० फूट लांब राहण्याचा प्रयत्न करायचा, उघड्या समुद्रात ३०० फूट. तेवढी जागाच नसेल तर सुकाणू हातात राहील इतक्याच वेगाने जायचं. रेनबो नदीत झेंड्याच्या दोन्ही बाजूंना शंभर फूट सोडायचे म्हटले तर बहुतेक ठिकाणी दोन्ही काठ गाठले जातात. म्हणजे झेंडा असेपर्यंत सगळ्या बोटींनी सरपटतच जायचं. लाट उठवू नका, अशा पाट्या नदीवर आहेतच.

हे शंभर फूट मी घरी कागदावर मांडून बघितले. वीस नॉट वेगाची बोट सेकंदाला दहा मीटर कापते. शंभर फूट म्हणजे तीस मीटर, म्हणजे तीन सेकंद. तेवढ्यात चालकाने झेंडा बघायचा, अर्थ लावायचा आणि सुकाणू वळवायचं. तीच बोट तीन नॉटवर असेल तर वीस सेकंद मिळतात. वीस सेकंदांत हाक मारता येते, मशीन बंद करता येतं, खालच्या माणसाला गवतात दबून बसता येतं. अंतराचा नियम हवाच, पण वेग आवरलेला नसेल तर त्या अंतराला काही अर्थ उरत नाही.

पहिल्या दुकानाची कॅप्टन साठीच्या आसपासची बाई होती. धक्का सोडण्याआधीच तिने वीस मिनिटं फक्त याच विषयावर घेतली. आम्ही चौघे आणि एक वाटाड्या. बोयाची दोरी वाटाड्याच्या हातात, आणि ती मुद्दाम आखूड, कारण चार मीटर पाण्यात पंधरा मीटर दोरी सोडली तर ती गवतात गुंतते आणि झेंडा एकीकडे, माणसं दुसरीकडे होतात. आम्ही पाण्यात उतरेपर्यंत बोटीवर झेंडा नव्हता. शेवटच्या माणसाने उडी मारली तेव्हाच तिने तो सर्वात उंच काठीवर चढवला. कापड लोंबू नये म्हणून वरच्या कडेला सळई होती.

मग ती आमच्यामागून, वरच्या अंगाने, मशीन न्यूट्रलला ठेवून प्रवाहाबरोबर येत राहिली. समोरून बोट आली की आमच्या आणि त्या बोटीच्या मध्ये स्वतःची बोट आणायची आणि तळहात खाली दाबल्यासारखा हलवायची. वळणाआधी ती आमच्या पुढे जाऊन थांबायची, कारण सायप्रसच्या झाडांमुळे पलीकडून येणाऱ्याला झेंडा उशिरा दिसतो. तासाभरात चार बोटी गेल्या असं तिने नंतर सांगितलं. मला पाण्याखाली त्यातल्या दोनच कळल्या. शेवटी वर यायची वेळ झाली तेव्हा तिने मशीन बंद केलं, किल्ली काढून हात उंच करून सगळ्यांना दाखवली, आणि मगच शिडी सोडली. ती किल्ली बघून मला खरोखर भरून आलं.

दुसऱ्या दुकानाचं सामान नवं होतं, चहा-कॉफी चांगली होती, आणि कौतुक तिथेच संपतं. त्यांच्या बोटीच्या छपरावर विटलेला झेंडा धक्क्यापासून धक्क्यापर्यंत फडकत होता. पाण्यात कोणी नसताना झेंडा उतरवायचा, हे कायद्यातच आहे आणि त्याला कारण आहे. रोज रिकामा झेंडा बघणारा चालक खऱ्या झेंड्यालाही मान देईनासा होतो. चालकाने आम्हा सहा जणांना उगमाजवळ सोडलं, आणि दोन वळणं खाली भेटू म्हणून तो निघून गेला. सहा जणांत एक बोया. दोघे फोटो काढत मागे राहिले, त्यांच्यासाठी मी थांबले. बोया पुढे गेला.

मग ती गुणगुण आली. मी गवत घट्ट धरलं आणि पोट रेतीला टेकवलं. डोक्यावरून सावली सरकली, पंखा स्पष्ट दिसला, फिरताना. मागे राहिलेली जोडी सुदैवाने काठाला होती. कोणाला काही झालं नाही.

त्या बोटवाल्यावर मी दोन दिवस रागावले होते. मग शांतपणे विचार केला. त्याने पुढे गेलेला बोया पाहिला होता, त्यापासून शंभराहून जास्त फूट अंतर ठेवलं होतं, वेगही कमी होता. तो नियमात होता. नियम मोडला होता आम्ही, कारण डायव्हरनेही झेंड्यापासून शंभर फुटांच्या आत राहायचा प्रयत्न करायचा, ही त्याच कायद्याची दुसरी बाजू आहे. आणि आम्हाला तसं राहता येईल अशी व्यवस्था करणं दुकानाचं काम होतं. दोन गट, दोन बोया, आणि वर एक माणूस. दुकानदाराला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, या नदीत सगळे हळूच जातात. हळू फिरणारा पंखाही माणसाला कापतो, हे मी काकांच्या खांद्यावर पाहिलेलं आहे.

आणि हळू जायचा नियम असूनही कोणीतरी जोरात येतंच. कर्स्टी मॅकॉल ही ब्रिटिश गायिका १८ डिसेंबर २००० रोजी मेक्सिकोत कोझुमेलला मुलांबरोबर डाइव्ह करून वर येत होती. तिथे तशा वेगवान बोटींना बंदी होती. बोट आली, तिने मुलाला बाजूला ढकललं आणि ती स्वतः गेली. बंदी होती, पण ती पाळायला लावणारं त्या क्षणी तिथे कोणी नव्हतं. म्हणून मी कॅप्टनचे गुण धरते, पाटीचे नाही.

जाणार असाल तर कामाच्या दिवशी आणि सकाळी जा. उन्हाळ्यात शनिवार-रविवारी के पी होल पार्कपासून खाली टायरवर तरंगणाऱ्यांची रांग लागते. त्यांच्यापासून धोका कमी, पण त्यांना चुकवताना बोटी नदीच्या मध्यावर येतात आणि बोयाही त्यांच्या पायांत अडकतो. नदीवर खाण्यापिण्याचे वापरून फेकायचे डबे-बाटल्या चालत नाहीत, पाण्यासाठी स्वतःची बाटली घ्या. भाडं हंगामानुसार बदलतं. फोनवर त्याची चौकशी करालच, त्याबरोबर हेही विचारा: आम्ही खाली असताना बोट कुठे असेल? झेंडा कधी चढवता, कधी उतरवता? किती जणांमागे एक बोया? पहिल्या दुकानात फोन उचलणाऱ्या मुलाने तिन्हींची उत्तरं न अडखळता दिली होती. दुसऱ्या दुकानात मी विचारलंच नाही, ती चूक माझी.

पहिल्या दुकानाला पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापला तो शिडीसाठी. तिची खालची पायरी पाण्यात पुरेशी खोल जात नाही, टाकीसकट चढताना गुडघा आपटतो. दुसऱ्याला एक.

आमच्याकडे देवबागच्या संगमावर आता डॉल्फिन बघायच्या, त्सुनामी आयलंडच्या, बनाना राइडच्या अशा किती बोटी एकाच पाण्यात फिरतात ते तिथे गेलेल्यांनी पाहिलंच आहे. दादाची बोट स्कूबाच्या लोकांना सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ नेते. डाइव्ह चालू असलेल्या लहान बोटीने 'ए' अक्षराच्या निळ्या-पांढऱ्या झेंड्याची निदान मीटरभर उंच, कडक पाटी लावायची, हे १९७२ च्या आंतरराष्ट्रीय टक्करविरोधी नियमांत आहे. मी त्याला हे मे महिन्यात फोनवर सांगितलं. २६ मेपासून ३१ ऑगस्टपर्यंत प्रवासी बोटी बंद असतात, त्या दिवसांत त्याने पडवीत बसून प्लायवूड कापलं, दोन्ही बाजूंनी रंगवलं आणि मला फोटो पाठवला. निळा जरा गडद झालाय. शेजारच्या दोन बोटवाल्यांनी त्याच्याकडून माप नेलं.

तिसऱ्या डाइव्हनंतर ओले केस तसेच ठेवून गाडीतूनच घरी फोन लावला. पाणमांजर दिसलं, कासवाने माझ्या मास्कला नाक लावलं, असं मी भराभर सांगत होते. काका मध्येच म्हणाले, "मासे रवांदेत गो. वर कोण होता?"

मी त्यांना कॅप्टनबद्दल सांगितलं. किल्लीचं सांगितलं. पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग त्यांनी विचारलं, "मशीन बंद करून दाखवल्यान?"

"हो काका. किल्ली काढून, हात वर करून."

"मगे जा परत," काका म्हणाले.